सिल्हूट काढताना प्राणी बघू नका, फटी बघा

[स्क्रीनवर: सूर्यास्ताच्या आकाशापुढे कडेने उभं असलेलं हरीण. पोटाखाली आणि चारही पायांमध्ये आकाश दिसतंय.]

नमस्कार. उजळ पार्श्वभूमीवरच्या अशा नुसत्या काळ्या आकृतीला सिल्हूट म्हणतात. या फोटोत हरणाचा डोळा नाही, रंग नाही, केसांचा पोत नाही. तरी ते हरीण आहे हे लगेच कळतं, आणि कान टवकारून थबकलंय हेही कळतं.

[स्क्रीनवर: तेच आकाश, तेच हरीण. आता तोंड कॅमेऱ्याकडे, पाय गवतात.]

आता हा बघा. प्रकाश तोच, सेटिंग्ज त्याच, पण दिसतो तो एक काळा ढीग. पहिल्या फोटोत शिंगांच्या मधून, पायांच्या मधून, हनुवटीखालून उजेड येत होता. इथे त्या सगळ्या फटी बुजल्या. सिल्हूटमध्ये प्राणी काळा करणं दोन मिनिटांत जमतं. खरं काम आहे फटी मोकळ्या ठेवण्याचं.

तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आधी उरकून घेऊ. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजणं) लावा, सूर्य टाळून त्याच्या शेजारचं उजळ आकाश मोजा आणि ते एक्स्पोजर मॅन्युअल मोडमध्ये पक्कं करा. सूर्य क्षितिजाजवळ असताना एफ ८, १/१००० सेकंद, आयएसओ २०० इथून सुरुवात करा; सूर्य बुडाल्यावर एफ ५.६, १/५००, आयएसओ ८०० च्या आसपास. मॅन्युअलच का? प्राणी जवळ आला की फ्रेममध्ये काळं वाढतं. ऑटो मोडमधल्या कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो फोटो उजळवतो, आणि आकाश पांढरं फटक पडतं.

हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख) डावीकडे भिंतीला टेकला तर घाबरू नका, इथे ते हवंच आहे. लक्ष ठेवा लाल चॅनेलवर, म्हणजे फक्त लाल रंगाच्या आलेखावर. संध्याकाळच्या आकाशात तो सगळ्यात आधी उजवीकडे कापला जातो, आणि एकत्रित हिस्टोग्रामवर ते नेहमी कळत नाही. मग केशरी छटांच्या जागी सपाट पिवळा डाग उरतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तांबूस-निळा कल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तांबूसपणा धुऊन टाकू शकतो. ६००० ते ७००० केल्विनवर स्थिर करा आणि फोटो रॉमध्येच (सेन्सरचा मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा) काढा.

फोकस काळ्या पोटावर धरू नका. तिथे कॉन्ट्रास्टच नसतो, लेन्स मागेपुढे धावत राहते. एकच फोकस पॉइंट घ्या आणि तो पाठीच्या किंवा मानेच्या कडेवर ठेवा, जिथे काळं आणि उजळ भेटतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या काचेच्या खिडकीतून) टेलिफोटो लेन्सने सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्य फ्रेममध्ये हवा असेल तर मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढा, आणि लेन्स सूर्यावर रोखून ठेवू नका.

आता फटी. पहिला उपाय म्हणजे खाली जा. गुडघ्यावर, पोटावर. कॅमेरा खाली गेला की क्षितिज प्राण्याच्या अंगावरून सरकत त्याच्या पायांपर्यंत उतरतं, आणि मागच्या काळ्या झाडीऐवजी आकाश येतं. गवत उंच असेल तर उलटं होतं, पाय गवतात बुडतात. मग थोडं वर या आणि पायांऐवजी मान, शिंगं, शेपूट यांच्यावर फ्रेम बांधा.

दुसरा उपाय म्हणजे थांबणं. चालत्या प्राण्याच्या पायांची कात्री ज्या क्षणी पूर्ण उघडते, तो क्षण धरा. हत्तीची सोंड पायाला चिकटलेली असेल तर ती सोंड म्हणून दिसतच नाही; ती सुटी होईपर्यंत थांबा. हत्ती समोरून आला आणि कान पसरलेले असले तरी चालतो, पण मांजरकुळातला प्राणी समोरून घेऊ नका, त्याची ओळख पाठीच्या आणि शेपटीच्या रेषेत आहे. दोन हरणं एकमेकांवर आली की सहा पायांचं काहीतरी तयार होतं. शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यात चोच धडाबाहेर हवी. उडत्या पक्ष्याचे पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना घ्या. मधल्या स्थितीत ते कडेने दिसतात आणि नुसती काडी उरते. त्यासाठी १/२००० सेकंद आणि बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो.

प्राणी उठून टेकडीच्या माथ्यावर यावा म्हणून त्याला हाकलणं, आवाज करणं, हे करायचं नाही. शिवाय पळणाऱ्या प्राण्याची देहबोली भेदरलेली असते, आणि सिल्हूटमध्ये देहबोलीशिवाय दुसरं काही नसतंच.

मागे सूर्याची मोठी थाळी हवी असेल तर हिशेब सोपा आहे. आकाशात सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे प्राणी तुमच्यापासून त्याच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर असला की थाळी बरोबर त्याच्याएवढी दिसते. एक मीटर उंचीचं हरीण ११० मीटरवर. २२० मीटरवर गेलं तर थाळी त्याच्या दुप्पट. लेन्स कोणतीही लावा, हे प्रमाण बदलत नाही. लेन्सने फक्त दोन्ही एकत्र मोठे होतात. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने फुल फ्रेम सेन्सरवर थाळी साडेचार मिलिमीटरची पडते, फ्रेमच्या उंचीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि सूर्य साधारण २ मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे जागा आधी ठरवून ठेवा.

अशा वेळी लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा, नाहीतर सूर्याचं फिकट भूत फ्रेममध्ये उमटतं.

[स्क्रीनवर: वाळूवर चालणारा पक्षी, वरून. पक्षी छोटा, सावली लांब.]

सावलीचं तंत्र उलटं आहे. सिल्हूटसाठी खाली झोपता, सावलीसाठी वर चढा. जमिनीलगत बसून सावली चेपलेली दिसते. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला हवा. पाठीशी असला तर तुमचीच सावली फ्रेममध्ये येते. एक्स्पोजर उजेडातल्या जमिनीचं धरा.

सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली प्राण्याच्या उंचीएवढी, ३० अंशांवर पावणेदोन पट, १० अंशांवर जवळजवळ पावणेसहा पट. लांब म्हणजे चांगली, असं मात्र समजू नका. सूर्य ठिपका नसून थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड, प्राणी आणि त्याची सावली यांच्यामधल्या अंतराच्या साधारण ११० व्या भागाएवढी पुसट होते. जमिनीपासून १० मीटरवर उडणाऱ्या पक्ष्याची कड डोक्यावरच्या उन्हातसुद्धा ९ सेंटिमीटर धूसर. भिंगरीची दुभंगलेली शेपटी त्यात विरून जाते. म्हणून उभ्या प्राण्याच्या सावलीत पाय रेखीव आणि डोकं मऊ येतं. लहान पक्ष्याची चोच सावलीत हवी असेल तर सूर्य २५ ते ३० अंशांवर असतानाच घ्या. हत्तीला १५ अंशही चालतात, त्याचे कान मोठे आहेत.

याच नियमामुळे पानावरचा बेडूक किंवा पाल फार सुंदर येते. अंग पानाला टेकलेलं, ऊन बेडकाच्या बाजूने, आणि तुम्ही खालच्या बाजूला. अंतर जवळजवळ शून्य, त्यामुळे बोटांची टोकंसुद्धा सुटी दिसतात. सेन्सर पानाला समांतर धरा, एफ ८ ते ११ ठेवा. पान तोडू किंवा वाकवू नका, तो लगेच उडी मारतो.

एडिटिंग थोडकंच. ब्लॅक्सचा स्लायडर खाली ओढा, शॅडोज वर नेऊ नका; अर्धवट दिसणारी कातडी आणि तिच्यातला नॉइज दोन्ही खुपतात. धुकं असेल तर काळं राखाडीच राहू द्या, धुक्याची खोली तिथेच असते. आणि आकृतीभोवती पांढरी रेघ दिसली तर ते क्लॅरिटीचं (कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या स्लायडरचं) काम आहे, ती शून्यावर आणा.