बुरुजांच्या गावची वेर्नाच्चा

मित्रहो, इ. स. १२७६ मध्ये इटलीच्या टस्कनी प्रांतातील सान जिमिन्यानो या गावाने आपल्या वेशीबाहेर जाणाऱ्या वेर्नाच्चा नावाच्या पांढऱ्या वाइनवर जकात बसवली. या वाइनचा तिथला लेखी इतिहास त्या नोंदीपासून सुरू होतो. ज्या मालाला बाहेरगावी गिऱ्हाईक असते त्यावरच जकात लावण्यात अर्थ असतो, हे ध्यानात घेतले तर तोवर तिची चांगली ख्याती झाली असली पाहिजे, असे मला वाटते. हे गाव उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या ‘फ्रान्चिजेना’ मार्गावर वसले होते. केशर आणि वाइन यांच्या व्यापारावर इथली घराणी गबर झाली आणि एकमेकींशी चुरस करीत त्यांनी सत्तरच्या आसपास उंच दगडी बुरूज उभारले. पुढे १३४८ च्या प्लेगने गावाची कंबर मोडली, १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या अमलाखाली गेले, आणि नवे बांधायला पैसाच न उरल्यामुळे जुने बरेच काही टिकले. आज त्यांतले चौदा बुरूज शिल्लक आहेत.

वेर्नाच्चाचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख मध्ययुगीन इटालियन कवी दांते याच्या महाकाव्यात, मृतात्मे जिथे आपली पापे फेडतात त्या पापक्षालनाच्या डोंगरावरील चोविसाव्या सर्गात येतो. बोल्सेना सरोवरातील वाम मासळी आणि वेर्नाच्चा यांच्या लोभापायी पोप मार्टिन चौथा तिथे उपवासाने झिजत असलेला दिसतो. सान जिमिन्यानोत हा उल्लेख अभिमानाने सांगितला जातो. परंतु इथे थोडी सावधगिरी बाळगणे मला आवश्यक वाटते. वेर्नाच्चा हे नाव इटलीत एकाच वाणाचे नाही. सार्डिनियातील ओरिस्तानोची वेर्नाच्चा हा निराळा वाण आहे, मार्के प्रांतातील सेर्रापेत्रोनाची वेर्नाच्चा तर काळ्या द्राक्षांची आहे, आणि मध्ययुगात लिगुरियाच्या किनाऱ्यावरील वाइनही याच नावाने विकली जात असे. पोपच्या पेल्यात नेमकी कोणती होती, हे दांते सांगत नाही.

नावाचा हा गोंधळ पाहिला म्हणजे १९६६ चे महत्त्व कळते. वाइनचे नाव तिच्या मुलखाशी कायद्याने बांधणारी ‘डीओसी’ ही व्यवस्था इटलीने १९६३ मध्ये केली आणि तिची पहिली मान्यता सान जिमिन्यानोच्या वेर्नाच्चाला मिळाली. बारोलो किंवा कियांती यांसारख्या बड्या लाल वाइनच्याही आधी हा मान एका लहान गावच्या पांढऱ्या वाइनला मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. १९९३ मध्ये तिला ‘डीओसीजी’ हा त्याहून वरचा दर्जा लाभला. आजच्या नियमांनुसार तिची द्राक्षे याच गावच्या हद्दीतली, आणि त्यांतली किमान ८५ टक्के याच वाणाची असावी लागतात.

इथली जमीन एके काळी समुद्राचा तळ होती. पिवळसर वाळू आणि चिकणमाती यांच्या थरांत आजही शिंपल्यांचे अवशेष सापडतात. वेर्नाच्चाला खनिजासारखी, किंचित खारट चव येते ती या मातीमुळेच, असे तिथले लोक मानतात. कारण काहीही असो, ती चव मात्र खरीच आहे. या द्राक्षाला मुळात गंध बेताचाच असतो. मस्कात या सुगंधी द्राक्षाच्या वाइनसारखी ही वाइन पेला नाकाशी नेताक्षणी दरवळत नाही. ताजेपणी फिकट पेंढ्याच्या रंगाची, फुलांचा हलका वास असलेली आणि आंबटसर अशी ती असते, आणि घोट गिळल्यावर जिभेवर कडू बदामाची चव रेंगाळते. पूर्वी रस सालींसकट आंबवून लाकडी पिंपांत ठेवत, त्यामुळे वाइन सोनेरी आणि तुरट होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी टाक्या आणि तापमानावरील नियंत्रण आले, तशी ती स्वच्छ झाली. मात्र अनेक ठिकाणी ती इतकी गुळगुळीत झाली की तिचा कडवटपणाच पुसला गेला, आणि हे मला नुकसान वाटते.

सुदैवाने काही उत्पादक पुन्हा सालींकडे आणि लाकडाकडे वळले आहेत. ‘रिझेर्व्हा’ प्रकारची वाइन तर विक्रीपूर्वी जवळजवळ वर्षभर मुरवावीच लागते. चांगल्या वर्षाची अशी बाटली आणखी काही वर्षे राखून उघडली, तर रंग गडद सोनेरी झालेला असतो, गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसा वास येतो, आणि शेवटी तोच कडू बदाम, पूर्वीपेक्षा अधिक खोल, जिभेवर उतरतो.