सामू जागचा हलत का नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीच्या रसायनशास्त्रात बफर द्रावणाची व्याख्या असते आणि मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात. थोडं आम्ल किंवा आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, घातलं तरी ज्याचा सामू फारसा बदलत नाही, ते बफर द्रावण. सामू म्हणजे pH, द्रावण किती आम्ल आहे याचं माप; आकडा जितका लहान, तितकी आम्लता जास्त. बरोबर आहे. पण का बदलत नाही, असं विचारलं की निम्मा वर्ग वहीत डोकं घालतो. आज त्या 'का'बद्दल बोलू या.

आधी आकडे ऐका. लिटरभर शुद्ध पाणी घेतलं, सामू 7. त्यात एक मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल (मोल हे रेणू मोजायचं माप), हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिलीलिटर टाकलं, म्हणजे चहाचे दोन चमचे. सामू थेट 2 वर. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक, तेव्हा पाच पायऱ्या म्हणजे आम्लता लाखपट वाढली. आता दुसरं भांडं. यातही लिटरभर द्रावण, पण 0.1 मोल ॲसिटिक आम्ल आणि तेवढंच सोडियम ॲसिटेट असलेलं. सामू 4.76. तेच दोन चमचे यात टाका. सामू 4.67! पहिल्यांदा हे बघणाऱ्याला मीटरच बिघडलाय असं वाटतं.

यामागची सगळी करामत ॲसिटिक आम्लाच्या सौम्यपणाची आहे. सौम्य म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं नव्हे, हा घोळ फार जणांचा होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की जवळजवळ सगळं फुटतं आणि आम्लता ज्यांच्यामुळे येते ते हायड्रोजन आयन सगळेच्या सगळे मोकळे करतं. ॲसिटिक आम्ल मात्र हात राखून खर्च करतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्लाच्या हजार रेणूंमागे जेमतेम चार-पाच फुटलेले असतात, बाकीचे अखंड. जोडीला सोडियम ॲसिटेट घातलं की पाण्यात ॲसिटेट आयनांचाही भरपूर साठा होतो. बाहेरून हायड्रोजन आयन आले की ॲसिटेट त्यांना पकडून अखंड आम्ल बनवतं. आम्लारी आली की अखंड आम्ल आपला हायड्रोजन देऊन तिला पाण्यात बदलतं.

बेस्टच्या कंडक्टरची चामडी पिशवी आठवा. तिच्यात नोटाही असतात आणि चिल्लरही. कोणी मोठी नोट पुढे केली, कोणी नाणी मोजून दिली, दोघांचंही भागतं. चिल्लर संपली की मग "सुट्टे द्या, सुट्टे!" सुरू. बफरचंही तसंच. आम्ल आणि ॲसिटेट यांचं प्रमाण एकास दहा ते दहास एक या दरम्यान आहे तोवर कारभार नीट चालतो. त्यापलीकडे एक बाजू रिकामी होत जाते आणि सामू घसरगुंडीला लागतो. पाणी घालून द्रावण दुप्पट केलंत तर सामू जवळजवळ तोच राहतो, कारण प्रमाण तेच आहे. पण दर लिटरमागचा साठा निम्मा होतो.

घरी करून बघायचंय? बाजारातून जांभळा कोबी आणा, चिरून गरम पाण्यात ठेवा, जांभळं पाणी गाळून घ्या. सामू बदलला की या पाण्याचा रंग बदलतो. 100 मिलीलिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण अर्धा चमचा खाण्याचा सोडा हळूहळू घाला. भांडं मोठं घ्या, फेस उतू जातो. निम्मं आम्ल सोडियम ॲसिटेट झालं, निम्मं तसंच राहिलं. झालं बफर तयार. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात हे द्रावण, दोन्हींत कोबीचं पाणी. आता लिंबाचे थेंब टाकत जा. साधं पाणी लवकरच गुलाबी होतं, दुसऱ्या पेल्याचा रंग मात्र फारसा हलत नाही. चिमूटभर सोडा टाकलात तर पहिला पेला निळसर होईल, दुसरा नुसताच फसफसेल.

हे सगळं आपल्या रक्तातही चालू असतं. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, आणि त्यात मोठा वाटा कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट या जोडीचा. 1908 साली अमेरिकेत हेंडरसन यांनी या जोडीचं गणित मांडलं. सामू ही मोजणी सोरेनसन यांनी कोपनहेगनमध्ये 1909 साली आणली आणि पुढे हॅसलबाल्क यांनी हेंडरसनचं समीकरण तिच्या भाषेत लिहिलं. तेच ते बारावीचं सूत्र.

गंमत अशी, की पुस्तकाच्या नियमाने ही जोडी चांगली बफर ठरत नाही. रक्तात बायकार्बोनेट आणि आम्ल यांचं प्रमाण वीसास एक असतं, दहाच्या मर्यादेबाहेर. तरीही ती काम करते, कारण हे भांडं बंद नाही. दादरच्या पुलावरून धावत जाऊन तुम्ही फास्ट लोकल पकडता, तेव्हा स्नायूंतलं आम्ल रक्तात उतरतं, बायकार्बोनेट त्याला गाठतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो धापेबरोबर बाहेर जातो. बायकार्बोनेटचा साठा भरून काढायचं काम मूत्रपिंडांचं, पण ते तासांच्या, दिवसांच्या हिशोबाने.

मधुमेह फार हाताबाहेर गेला की रक्तात आम्लं साचतात, बायकार्बोनेट खर्च होत जातं आणि रुग्ण खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागतो. अशा वेळी डॉक्टर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायला पाठवतात, आणि रिपोर्ट आला की आधी तीन आकडे बघतात: सामू, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट.

नमस्कार.