तहानेनं राखलेलं रान

श्रोतेहो, नमस्कार.

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते : ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला.’ आपण हुश्श करतो. खरं तर मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तुळशी सर्वांत लहान. दिवसाला जेमतेम १ कोटी ८० लाख लिटर पाणी. शहराची तहान बघता दर्यामें खसखसच! पण बोरिवलीच्या डोंगरांमधली ती हिरवीगार दरी, म्हणजे आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आज शाबूत आहे, त्यात या खसखशीचा मोठा वाटा आहे.

एकेकाळी मुंबई विहिरींवर आणि गावतळ्यांवर जगत होती. धोबीतलाव त्यातलाच, आता नावापुरता उरलेला. शहर वाढलं, तळी पुरेनात. म्हणून १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून झाला. पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले गेले. माणूस आत येईना, म्हणून रान टिकलं. चितळ राहिले, सांबर राहिले, तलावांत मगरी राहिल्या. आणि बिबट्या? तो तर राहिलाच, वर रात्री वस्तीच्या कडेला येऊन भटकी कुत्रीही उचलतो.

पाण्याची ही काळजी इथं जुनीच आहे. याच रानातली कान्हेरीची शंभराहून जास्त बौद्ध लेणी बघताना आपण मूर्तींचे फोटो काढतो आणि पायाशी कोरलेली टाकी ओलांडून जातो. भर पावसात जरा थांबून बघा. कातळावरच्या बारीक पन्हळींतून पाणी टाक्यांत उतरत असतं. दान देणाऱ्यांनी शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. जे पाणी टाक्यांत मावत नाही, ते पायऱ्यांवरून, कड्यांवरून धबधबे होऊन खाली धावतं.

दहिसर नदीचा उगमही याच डोंगरांतला. विहारचं जादा पाणी मिठी नदीला मिळतं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर ही गोष्ट कुणा मुंबईकराला वेगळी सांगायला नको.

तुळशीच्या काठी सर्वसामान्यांना जाऊ देत नाहीत. खरं सांगू? मला ते बरंच वाटतं. कान्हेरीला मात्र सकाळी लवकर जा. नवरंग पक्ष्याची शीळ कानी पडेल. आणि हो, सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.