आपलं पत्र आपणच वाचायचं

नमस्कार श्रोतेहो. दृष्टिहीन माणसाच्या नावानं बँकेचं पत्र आलं, की ते आधी वाचायचं दुसरंच कुणीतरी. शिल्लक किती, हप्ता कधीचा, हे मुलाला, शेजाऱ्याला आधी कळायचं. आता मोबाईलचा कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून कागद वाचून दाखवतात. पत्र कुणाला दाखवायचं, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. मला यात हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

फोटो मात्र नीट हवा. खोलीतला दिवा लावा. आपल्याला नको असला तरी कॅमेऱ्याला लागतो. भिंग रुमालानं पुसा. कागद गडद रंगाच्या टेबलावर सपाट ठेवा. फोन कागदाच्या मधोमध टेकवा, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून सरळ वर उचला, साधारण वीतभर किंवा थोडा जास्त. हात तिरका झाला की कडेच्या ओळी कापल्या जातात.

खरा धोका पुढे आहे. अक्षर पुसट असलं की यंत्र कधीकधी अंदाजानं शब्द भरतं, आणि तेही ठाम आवाजात. देवनागरीत १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होते. औषधाच्या पट्टीची चांदी चकाकते, आणि मुदतीची तारीख बहुधा तिच्या कडेलाच ठसवलेली असते. पट्टी थोडी कलती करून दुसरा फोटो काढा. “तारीख काय?” एवढंच न विचारता “कोणतं अक्षर स्पष्ट दिसत नाही?” असंही विचारा. दोन फोटोंची उत्तरं जुळली नाहीत, तर गोळी घेऊ नका. डोळस माणसाला विचारा. ‘बी माय आइज’ हे दृष्टिहीनांना मदत करणारं ॲप २०१५ मध्ये सुरू झालं ते डोळस स्वयंसेवकांच्या भरवशावर. २०२३ मध्ये त्यात यंत्राची जोड आली. स्वयंसेवक आजही आहेत.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ हे ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे. नव्या मालिकेतली शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक घाईत बोटांना कळत नाही. ‘मणी’ एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, घडी घातलेली नोटही ओळखतं. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.