खड्ड्याचा जाब कुणी द्यायचा?

नमस्कार श्रोतेहो. आमच्या गल्लीच्या वळणावर मागच्या पावसाळ्यात एक खड्डा पडला होता. पाणी साचलं की नुसतं डबकं दिसायचं. शेजारच्या काकू स्कूटरवरून तिथेच पडल्या, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर खड्ड्यात ओली खडी आणि डांबर! दोन महिने कुणी फिरकलं नव्हतं, अपघात झाल्यावर मात्र एका रात्रीत पुरावा बुजला. आणि जो तो काकूंनाच म्हणाला, “जरा बघून चालवायची ना!”

हे बोलणं मला फार लागतं. एका गाडीने दुसरीला धडक दिली तर दावा कुणावर लावायचा ते ठाऊक असतं. स्कूटर खड्ड्यात आपटली तर समोर दुसरं वाहनच नसतं. मग दाद कुणाकडे मागायची?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी याचं उत्तर दिलं. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने सांगितलं की, चांगला, सुरक्षित रस्ता हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. ही सानुग्रह मदत नव्हे, नुकसानभरपाई आहे. दोन्हींत फरक आहे: एक कुणाच्या मर्जीने मिळते, दुसरी हक्काने मागायची असते.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. दिरंगाई झाली तर पालिका आयुक्तांसारखे अधिकारी व्यक्तिशः जबाबदार, वर वर्षाला ९ टक्के व्याज. आणि दिलेली रक्कम दोषी अधिकारी, अभियंता किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणजे भुर्दंड करदात्याच्या माथी नाही.

दावा ऐकायला समिती आहे. शहरात तिच्यात पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेचे, सचिव बसतात. प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे जाताना दवाखान्याची कागदपत्रं, पोलिसांतल्या नोंदीची प्रत आणि खड्ड्याचा फोटो सोबत न्या. फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा, खडी पडायच्या आत.