पाचवा ठोकळा २०३३ साली

नमस्कार मंडळी.

भारतातून इथे जर्मनीत पाहुणे आले की आपण त्यांना रोटेनबुर्ग दाखवतो, नोर्डलिंगनच्या मनोऱ्यावर चढवतो आणि परत फिरतो. तिथून जवळच वेमडिंग नावाचं गाव आहे. तिकडे सहसा कुणी वळत नाही. आम्ही गेल्या महिन्यात गेलो आणि तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे.

गावाबाहेर उघड्यावर काँक्रीटचा मोठा चौथरा आहे, त्यावर माणसाच्या उंचीचे चार ठोकळे. एवढंच. पहिला पावसापाण्याने काळवंडलाय, चौथा अजून नवा दिसतो. ७९३ सालापासून मोजलं तर १९९३ मध्ये गावाला १२०० वर्षं झाली. तेव्हा मान्फ्रेड लाबर या कलाकाराने सुचवलं की दर दहा वर्षांनी एक ठोकळा ठेवायचा, असे एकूण १२०. खाली ६४, त्यावर ३६, मग १६ आणि माथ्यावर ४. पिरॅमिड पूर्ण होणार ३१८३ साली! मागची बाराशे वर्षं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जवळजवळ तेवढीच पुढची उभी करून दाखवायची. लाबर २०१८ मध्ये गेले. २०२३ मध्ये गावाने त्यांच्या माघारी चौथा ठोकळा ठेवला. मला सगळ्यात जास्त भिडलं ते हेच.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने तिथेच हिशेब केला आणि म्हणाला, "पाचव्याला मी येणार." त्याच रात्री मी त्याला आपल्या मंडळाच्या गणपतीच्या सजावटीला चल म्हटलं, तर म्हणतो, "तो तुमचा गणपती आहे ना?"

उद्धटपणा नव्हता हो त्यात. त्याला खरंच तसं वाटतं. त्याचे बाबा चिडले, आवाज चढले, जेवण तसंच राहिलं. परक्या गावातला सिमेंटचा ठोकळा त्याचा, आणि ज्याच्यापुढे तो रांगायला शिकला तो गणपती तुमचा!

मी पुष्कळ विचार केला. आपण मुलांना फेटे बांधतो, मावळे करून स्टेजवर उभं करतो, फोटो काढतो. काम मात्र एकही देत नाही. वर्गणी आपण गोळा करतो, मखर आपण लावतो, भांडतोही आपणच. कार्यक्रम संपेपर्यंत मुलं मागच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेली असतात. मग त्यांनी "आपला" म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

आणि आपण तरी काय जपतो? मूर्तीचं ते जुनं पुठ्ठ्याचं खोकं आठवतंय? वर्षभर ज्यांच्या तळघरात मूर्ती राहायची, ते झाकणावर मार्करने आपलं आडनाव आणि साल लिहायचे. सगळ्यात वरचं नाव पुसट झालं होतं, एका नावावर तेलाचा डाग होता. देवळाच्या पायऱ्यांवरची नावं वाचत चढायची सवय आपल्या सगळ्यांनाच. तशी मी दर वर्षी ती यादी वाचायचे. गेल्या वर्षी नवा प्लॅस्टिकचा डबा आला आणि खोकं कागदाच्या कचऱ्यात गेलं. कुणी वाईट हेतूने केलं नाही. पण त्यातली निम्मी माणसं आता कॅनडात, पुण्यात, कुठे कुठे आहेत, आणि ती इथे होती याची आपल्याकडे तेवढीच खूण होती. दर वर्षी नवी कमिटी, नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि सगळं पहिल्यापासून. वेमडिंगच्या लोकांनी असं केलं असतं तर दुसरा ठोकळासुद्धा आला नसता.

माझी विनंती आहे की या वर्षी मूर्तीबरोबर एक वही ठेवूया. मूर्ती ज्या घरी जाईल त्या घराने तिच्यात लिहायचं, आणि ते मुलांनी लिहायचं. मूर्ती नेणं, पुसणं, परत आणणं हेही त्यांच्याकडेच द्या. मखर वाकडं लागलं तर लागू दे.

मुलाला हे सांगितलं. त्याने विचारलं, "जर्मनमध्ये लिहिलं तर चालेल?" मी हो म्हटलं. त्याच्या हातचं असेल तर मला जर्मनही चालेल. पण २०३३ मध्ये त्या वहीत मराठीची एक तरी ओळ असेल का, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.