छत्तीस मीटरचा काळा पट्टा

ब्रेक दाबला तेव्हा गाडीचा वेग किती होता, हे टायरच्या खुणेवरून काढून पाहण्याचा हा प्रयोग. डांबरावरचा टायरचा हा पट्टा सुरुवातीला इतका फिकट असतो की, त्याचे पहिले टोक सापडण्यासाठी मोजणाऱ्याला असे गुडघ्यांवर बसून नजर रस्त्याच्या पातळीला आणावी लागते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या या जुन्या गाडीचा ब्रेक करकचून दाबला गेला, चाके फिरायची थांबली आणि गाडी घसरत निघाली, ती इथून. टोकाशी खडूची रेघ ओढली जाते, टेप उलगडत जाते आणि त्याच चाकापाशी येऊन थांबते: ३६ मीटर.

समीकरण शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग, अधिक त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. गाडी उभी आहे, म्हणजे अंतिम वेग शून्य. अंतर टेपने दिले. सुरुवातीचा वेग शोधायचा आहे. त्यासाठी उरले त्वरण. पुस्तकातल्या उदाहरणांत ते आयते दिलेले असते, त्यामुळे ते आले कुठून, हे वर्गात फारसे कोणी विचारत नाही. आमच्या मते खरे भौतिकशास्त्र तिथेच आहे.

त्यासाठी हा टायरचा कापलेला तुकडा. काँक्रीट भरून त्याचे वजन २० किलो केले आहे. ताणकाटा अडकवून तो पट्ट्याच्या शेजारून, गाडी गेली त्याच दिशेने ओढला जातो. जागचा हलताना काटा उसळी घेतो, तो आकडा सोडून द्यायचा. तुकडा एकसारखा सरकू लागला की काटा १४ किलोंच्या आसपास थरथरत राहतो. चौदा भागिले वीस, म्हणजे घर्षण गुणांक, टायरवर रस्त्याची पकड किती याचे माप, ०.७. त्याला ९.८ ने, म्हणजे गुरुत्व त्वरणाने गुणले की मंदन मिळते: गाडीचा वेग दर सेकंदाला ६.८६ मीटर प्रतिसेकंदाने उतरत होता. गाडीचे वस्तुमान या हिशेबात उरतच नाही, कारण ते दोन्ही बाजूंना असल्याने कटते.

मंदनाची दुप्पट गुणिले ३६, म्हणजे सुमारे ४९४. त्याचे वर्गमूळ २२.२ मीटर प्रतिसेकंद, अर्थात ताशी ८० किलोमीटर. पट्टा उमटण्याआधीच ब्रेकने खाल्लेला वेग यात धरलेला नाही, म्हणून अपघाताच्या तपासात हा आकडा किमान वेग म्हणूनच घ्यावा लागतो.

त्याच गाडीची दुसरी फेरी ताशी ४० ने. वेग निम्मा, पण टेप चौथाई अंतरावरच, ९ मीटरवर थांबते.

आणि आता टँकरचे पाणी. ओल्या डांबरावर तोच तुकडा ओढताना काटा ८ किलोंपाशीच राहतो, गुणांक ०.४. हाच ३६ मीटरचा पट्टा अशा रस्त्यावर उमटला असता, तर उत्तर ताशी ६० च्या आसपास आले असते. म्हणून टेप उलगडण्याआधी वहीत पहिली नोंद होते ती रस्ता ओला होता की कोरडा, याची.